दारू न पिताही फॅटी लिव्हर का होतं? समजून घ्या डॅलसमधलं संशोधन

'दारूला कधी हात लावला नाही, मग सोनोग्राफीत फॅटी लिव्हर कसं आलं?' हा प्रश्न अनेकांना पडतो. याच्या उत्तराचा मोठा भाग अमेरिकेतल्या डॅलस शहरात सापडला.

काय आढळलं?

'डॅलस हार्ट स्टडी'त सहभागी लोकांच्या यकृतातली चरबी मोजण्यात आली. २००४ मध्ये निष्कर्ष आले. जवळपास एक तृतीयांश प्रौढांच्या यकृतात जादा चरबी होती. हिस्पॅनिक लोकांमध्ये हे प्रमाण ४५ टक्के, गोऱ्यांमध्ये ३३ आणि कृष्णवर्णीयांमध्ये २४ टक्के होतं. वजन आणि मधुमेहावरून हा सगळा फरक उलगडत नव्हता.

२००८ मध्ये डॉ. हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांच्या गटाला 'पीएनपीएलए३' या जनुकातला एक बदल सापडला. आई आणि वडील दोघांकडूनही तो आलेल्यांच्या यकृतात दुपटीहून जास्त चरबी होती. या बदलामुळे तयार होणारं प्रथिन पेशीतल्या चरबीच्या थेंबांवर साचतं आणि चरबी मोडण्यात अडथळा आणतं.

मग सगळं नशिबावर?

नाही. याच गटाने २०१७ मध्ये दाखवलं, की वजन वाढलं की या जनुकाचा परिणामही वाढतो. सडपातळ लोकांमध्ये तो बराच कमी दिसतो.

म्हणजे फॅटी लिव्हर झालेल्याला 'खादाड' किंवा 'चोरून पिणारा' ठरवणं चूक आहे. पण 'घराण्यातच आहे' म्हणून सोडून देणंही तितकंच चूक. जनुक बदलता येत नाही, वजन मात्र उतरवता येतं. ते ५ टक्के उतरलं, तरी यकृतातली चरबी कमी होऊ लागते.