शीतगृह बांधावर हवे!

२०२३ च्या जुलैत टोमॅटोने किलोमागे शंभरी ओलांडली आणि महागाईच्या नावाने देशभर गदारोळ उठला. दोन-तीन महिने उलटले नाहीत, तोच नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत तो टोमॅटो मातीमोल झाला. तोडणीची मजुरी आणि गाडीभाडेही सुटेना, म्हणून शेतकऱ्यांनी तो रस्त्यावर ओतला. जुलैचा गदारोळ करणाऱ्यांपैकी किती जणांना या ओतलेल्या टोमॅटोचे दुःख झाले? अन्नाला ब्रह्म मानणाऱ्या समाजात अन्न असे पायदळी तुडवले जावे, हा केवळ बाजारभावाचा प्रश्न नाही. तो राष्ट्रीय लज्जेचा विषय आहे.

या नासाडीवर तथाकथित अर्थतज्ज्ञांचे एक ठरलेले औषध आहे : बडे भांडवल, त्यातही परदेशी भांडवल. २०१२ मध्ये केंद्रातील संयुक्त पुरोगामी आघाडी सरकारने किरकोळ व्यापारात ५१ टक्के विदेशी गुंतवणुकीला दार उघडले, तेव्हा हेच गाजर दाखवले गेले होते. निम्मी गुंतवणूक साठवण, वाहतूक यांसारख्या पायाभूत सोयींत करावी लागेल, शीतसाखळी उभी राहील आणि शेतकऱ्याचे भले होईल, असे सांगितले गेले. निम्मा भाजीपाला सडतो, चाळीस टक्के सडतो, असे आकडेही बिनदिक्कत फेकले गेले. प्रत्यक्षात काय घडले? या धोरणाखाली ‘टेस्को’ या एका ब्रिटिश कंपनीचा प्रस्ताव मंजूर झाला. शेतकऱ्याच्या बांधावर एक वीटही आली नाही.

फुगवलेल्या आकड्यांचा फुगाही फुटला. लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी संस्थेचा अहवाल २०१५ मध्ये आला. त्यानुसार टोमॅटोचे नुकसान १२.४४ टक्के आणि पेरूचे १५.८८ टक्के होते. टक्का लहान वाटेल. पण सर्व शेतमालाचे मिळून हे नुकसान वर्षाला ९२,६५१ कोटी रुपयांचे होते. २०२२ च्या ‘नॅबकॉन्स’च्या पाहणीत टोमॅटोचा आकडा ११.६१ टक्के आला. सात वर्षांत एक टक्काही घट नाही!

असे का व्हावे? शीतगृहे कमी आहेत म्हणून, असे उत्तर कोणीही देईल. ते चुकीचे आहे. शीतसाखळीतील त्रुटींचा जो देशव्यापी अभ्यास २०१५ मध्ये झाला, त्याने सुमारे साडेतीन कोटी टन शीतगृहक्षमतेची गरज सांगितली. त्यातील तीन कोटी अठरा लाख टन त्या वेळीच उभी होती. मात्र गावपातळीवर माल गोळा करून, निवडून, थंड करून पुढे पाठवणारी सुमारे ७०,००० केंद्रे हवी असताना देशात होती अवघी २४९. घर बांधले आणि उंबरठाच विसरला, असा हा प्रकार.

त्यात ही शीतगृहे बहुतांशी बटाट्यासाठी बांधलेली. बटाट्याला दोन-चार अंश तापमान मानवते. टोमॅटोला दहा-बारा अंशांखालची थंडी बाधते आणि केळी तेरा अंशांखाली काळी पडतात. शिवाय तोडलेले फळही श्वास घेत असते. तापमान दहा अंशांनी वाढले, की त्याचा ऱ्हास दुपटी-तिपटीने वेग घेतो. म्हणजे नासाडीची सुरुवात उन्हात उभ्या असलेल्या टेम्पोतच होते. जिल्ह्याच्या गावी उभारलेले कोट्यवधींचे शीतगृह ती थांबवू शकत नाही.

उपाय परदेशातून आणण्याची गरजच नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात विजेवाचून चालणारा शीतकक्ष तयार केला. विटांच्या दोन भिंती, मधल्या पोकळीत ओली वाळू, वर वाळ्याचे किंवा गवताचे झाकण आणि दिवसातून दोनदा पाणी. माठातले पाणी गार होते, त्याच न्यायाने आतली भाजी गार राहते. साधारण शंभर किलो माल त्यात मावतो. दमट कोकणात, पावसाळ्यात त्याचा उपयोग नाही, हे खरे. पण मराठवाडा, विदर्भ, खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याने भाजीला आणखी काही दिवसांचे आयुष्य मिळते. ज्याला आज संध्याकाळीच विकणे भाग आहे, तो व्यापाऱ्याच्या दारात हात जोडून उभा असतो. ज्याला दोन दिवस थांबता येते, तो भाव विचारू शकतो. या दोन दिवसांतच शेतकऱ्याचा स्वाभिमान दडला आहे. नाशिकची कांदाचाळ दुसरे काय सांगते?

मोठ्या मालासाठी सौरऊर्जेवरच्या लहान शीतखोल्या आता देशातच, आपल्या पुण्यातही बनतात. एकट्या अल्पभूधारकाला त्या परवडणार नाहीत. दहा-वीस जणांच्या गटाला परवडतील. संघटित शेतकरी काय करू शकतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी १९९१ मध्ये ‘महाग्रेप्स’ उभी केली, पूर्वशीतकरणाची सोय केली आणि इथली द्राक्षे युरोपात पोहोचवली. युरोपातील ग्राहकासाठी जो थंडावा निर्माण करता येतो, तो नागपूरच्या ग्राहकासाठी का नाही?

यंत्र देशाच्या परिस्थितीला आणि माणसाच्या गरजेला साजेसे असावे, असे पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मधील मुंबईच्या व्याख्यानांत सांगितले होते. त्या विचाराचे नाव घेणाऱ्यांच्या हाती सत्ता आल्यानंतर २०२० मध्ये एक लाख कोटींचा कृषी पायाभूत निधी जाहीर झाला. दोन कोटींपर्यंतच्या कर्जाला व्याजात तीन टक्के सवलत मिळाली. ही पावले स्वागतार्हच आहेत. परंतु कर्जाचे कागद रंगवणे ज्याला जमते, त्याच्याच पदरात निधी पडतो, हा आजवरच्या योजनांचा अनुभव आहे. स्वदेशीचा घोष करणाऱ्यांनी हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा : आपल्या तालुक्यात असा एक तरी विटा-वाळूचा शीतकक्ष उभा आहे काय?

ग्रामविकासाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी, बचत गटांनी, कृषी महाविद्यालयांतील तरुणांनी येत्या उन्हाळ्यापूर्वी गावागावांत एक कक्ष उभारून दाखवावा. शहरातील कुटुंबांनी शेतकरी गटांशी थेट नाते जोडावे. त्यासाठी परदेशी कंपनीची वाट पाहण्याचे कारण नाही. वीट गावची आहे, वाळू गावची आहे, घामही गावचाच आहे. उणीव आहे ती केवळ संकल्पाची.