यंत्राची कल्पना आणि जासईची जमीन

यंत्राला माणसाची कल्पनाशक्ती कधी साधेल काय, हा प्रश्न आता तत्त्वज्ञांपुरता उरलेला नाही. ज्या यंत्रप्रणालींकडून आमचे विद्यार्थी निबंध लिहून घेतात, त्याच उद्या भूसंपादनाचे तक्ते आणि नगररचनेचे आराखडे मांडू लागतील. म्हणून या प्रश्नाचा विचार केवळ संगणकशास्त्रज्ञांवर सोपवून भागणार नाही.

प्रथम यंत्राचे श्रेय यंत्राला द्यावयास हवे. चार्ल्स बॅबेजच्या नियोजित यंत्राविषयी लिहिताना १८४३ साली एडा लव्हलेस यांनी असे प्रतिपादन केले होते की, हे यंत्र आपण होऊन नवे काही निर्माण करणार नाही. हे मत आज जसेच्या तसे टिकत नाही. २०१६ साली ‘गो’ या खेळात ली सेडॉलविरुद्धच्या दुसऱ्या डावात ‘अल्फागो’ने सदतिसावी खेळी अशी केली की, जाणकार प्रथम गोंधळले आणि मग थक्क झाले. जुन्या घटकांची अनपेक्षित जुळणी म्हणजेच कल्पना असेल, तर ती यंत्राला साधली आहे.

परंतु कल्पना एवढीच असते काय? याचे उत्तर शोधण्यास जासईकराला दूर जावे लागत नाही. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. मोबदला १८९४ च्या भूसंपादन कायद्याने ठरावयाचा होता. म्हणजे अधिसूचनेच्या दिवशीचा बाजारभाव, आणि त्याला आधार पूर्वीच्या खरेदी-विक्रीचा. संपादनानंतरच्या उपयोगामुळे जमिनीची किंमत वाढणार असली, तरी ती वाढ विचारात घेऊ नये, असे त्या कायद्याचे २४ वे कलम बजावीत होते. भातखाचरांवर शहर उभे राहणार हे सर्वांना दिसत होते. हिशेबात मात्र ते दिसण्यास मनाई होती.

त्या काळचे सारे निवाडे यंत्राला शिकविले असते, तर त्याने बिनचूक दर काढून दिले असते. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकऱ्यांनी दराच्या पलीकडे पाहिले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी या परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकास परत देण्याचे तत्त्व पुढे आले व १९९० नंतरच्या काळात अमलात आले.

यावर कोणी म्हणेल की, भूखंडांची पुनर्रचना करून ते मालकांना परत देण्याची सोय १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यातच होती; यंत्राने तीच शोधून हा तोडगा सुचविला असता. सुचविलाही असता, मी ते नाकारीत नाही. मात्र त्यासाठी आधी कोणीतरी प्रश्न बदलावयास हवा होता. ‘या जमिनीची किंमत किती?’ हा कचेरीचा प्रश्न होता. ‘येथे वाढणाऱ्या संपत्तीत आमचा वाटा किती?’ हा प्रश्न ज्याची जमीन जाणार होती, त्याला पडला. यंत्राला गमावण्यासारखे काही नसते. त्यामुळे समोर ठेवलेला प्रश्नच अन्यायाचा आहे, असे त्याला वाटण्याचे कारण नाही.

पुढे साडेबारा टक्क्यांच्या वाटपात दिरंगाई झाली, अनेकांचे भूखंड हातचे गेले, हेही खरे. पण तो दोष अंमलबजावणीचा होय.

तेव्हा तक्ते यंत्राने खुशाल मांडावेत. परंतु यंत्राचा अहवाल आला म्हणून हरकती आणि सूचनांची सुनावणी आखडती घेतली जाणार असेल, तर त्यास विरोध केला पाहिजे. कारण बदललेला प्रश्न ऐकू येण्याची जागा तीच आहे. आणि शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या उत्तरांबरोबर त्यांनी विचारलेल्या प्रश्नांनाही गुण द्यावेत. माझ्या वर्गातील कित्येक मुलांच्या आजोबांनी असाच एक प्रश्न विचारला होता.