मदत बरोबरीची हवी, उपकाराची नको

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आज नाशिकचा कामगार, पेठ-सुरगाण्याचा आदिवासी तरुण आणि उत्तर प्रदेश-बिहारमधून पोटासाठी आलेला माणूस एकाच शिफ्टमध्ये राबतात. जात, धर्म, भाषा वेगळी. या सर्वांनी एकमेकांना मदत करावी, असा उपदेश व्यवस्थापन करीत असते. उपदेश चांगला आहे. परंतु मदत उपदेशाने येत नाही. ती का येत नाही, याचे उत्तर नाशिक जिल्ह्यातच मिळालेले आहे.

दि. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेतील दलित कामगारांची परिषद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे त्यांनी तेथे बजावले. ब्राह्मणशाही म्हणजे स्वातंत्र्य, समता व बंधुता यांचा अभाव, हेही स्पष्ट केले. पुरावा रेल्वेतलाच होता. अस्पृश्य गँगमन जन्मभर रुळांवर राबे, पण त्याला पोर्टर होता येत नसे. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागत आणि तेथे याचा विटाळ होई! मुंबईच्या गिरण्यांतही धोट्यातल्या सुताला तोंड लावावे लागे, म्हणून जास्त मजुरीचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते. ही वाट मालकाइतकीच शेजारच्या सवर्ण कामगारानेही अडवली होती. म्हणूनच १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. ज्याचा स्पर्श चालत नाही, त्याच्या हाताला हात कोण लावणार?

आज विटाळ हा शब्द उच्चारला जात नाही. परंतु मशीनचे सेटिंग कोणाला शिकवले जाते आणि झाडलोट कोणाला सांगितली जाते? ‘कोट्यातला’ म्हणून कोणाला फाईल समजावून सांगण्याची टाळाटाळ होते? कारखान्यात तळाच्या पगारावर राबणाऱ्याचे नावच ‘हेल्पर’! त्याने सर्वांना मदत करायची, त्याला मात्र हुकूम मिळायचा. अशा एकतर्फी मदतीला सहकार्य म्हणत नाहीत, वेठबिगारी म्हणतात.

सहकार्य हवे असेल तर कष्टाची कामे आळीपाळीने द्या. नवख्याला काम शिकवणे हा कामाचाच भाग माना आणि बढती देताना त्याची नोंद घ्या. पाणी आणि कॅन्टीन सर्वांना एकच ठेवा. युनियननेही कंत्राटी कामगाराला आपल्यात घ्यावे. माणूस बरोबरीचा झाला की मदत मागायला त्याला लाज वाटत नाही आणि करणाऱ्यालाही उपकार केल्यासारखे वाटत नाही.

ही जबाबदारी आपल्यावरही आहे. चळवळीमुळे जो आज ऑपरेटर, क्लार्क, अधिकारी झाला, त्याने सुरगाण्याच्या पोराला आणि बिहारच्या मजुराला जात-प्रांत न विचारता आपले काम शिकवले पाहिजे. मनमाडचा वारसा सांगणाऱ्यानेच नवा मुकादम होता कामा नये. बंधुता संविधानाच्या उद्देशिकेत आहे. ती मशीनवर आणि टेबलावर उतरवणे आता आपल्याच हाती आहे.