जपानला जाता, पण झोपेचे काय?

आपल्या एमआयडीसीत जपानी यंत्रे आली आणि त्यांच्यापाठोपाठ आपली माणसेही जपानला जाऊ लागली. कोणी पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणाला, कोणी नव्या यंत्राची चाचणी घेऊन ते ताब्यात घ्यायला. जाण्यापूर्वी यातील बरीच मंडळी कंपनीचा एक छापील कागद घेऊन माझ्या दवाखान्यात येतात. ‘सदर व्यक्ती विमान प्रवासास योग्य आहे’ या ओळीखाली त्यांना सही-शिक्का हवा असतो. रक्तदाब पाहून, छाती तपासून मी तो देतो. पण पोहोचल्यावर ही व्यक्ती कामास योग्य असेल काय, हा प्रश्न त्या कागदावर कोठेच नसतो. आज त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी लिहायचे आहे.

अलीकडे मी प्रत्येकाकडून प्रवासाचे वेळापत्रक मागून घेतो. बहुतेकांचे सारखेच असते. रात्री मुंबई किंवा दिल्लीहून निघायचे, सकाळी टोकियोला उतरायचे, तेथून बुलेट ट्रेनने नागोया गाठायचे आणि दुपारी दोनला कारखान्यात हजर. हॉटेलचा एक दिवस वाचला म्हणून वेळापत्रक आखणारे साहेब खूश!

‘डॉक्टर, अमेरिकेसारखी दिवसाची रात्र थोडीच होते? साडेतीन तासांचा तर फरक!’ असे मला सांगतात. फरक साडेतीन तासांचाच, हे खरे. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरते, जपानची १३५ अंशांवर. मधल्या ५२.५ अंशांचे बरोबर साडेतीन तास होतात. परंतु हिशेब तेथे संपत नाही. टोकियोत सकाळी आठला विमान उतरते, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. विमानातले जेवण, दिवे, घोषणा, शेजाऱ्याची ये-जा यांत फार तर दोन-तीन तास डोळा लागतो, तोही बसल्या बसल्या. घड्याळ साडेतीन तासच पुढे गेले, पण झोपेची सबंध रात्र गेली. घरून सकाळी सहाला उठलेला हा माणूस जपानमध्ये दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला यंत्रापुढे उभा राहतो, तेव्हा त्याला उठून साडेअठ्ठावीस तास झालेले असतात.

याचा अर्थ काय होतो? ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात एक तुलना प्रसिद्ध केली. सतत सतरा तास जागे राहिलेल्या माणसाचा हात आणि नजर यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतका बिघडतो. चोवीस तास जागरण झाले, की तो ०.१० टक्क्यांच्या पातळीवर जातो. आपल्या मोटार वाहन कायद्यातील मर्यादा ०.०३ टक्के आहे आणि जपानचीही जवळजवळ तेवढीच. दारू प्यालेल्या कामगाराला कोणताही सुपरवायझर प्रेस मशीनच्या जवळ फिरकू देणार नाही. जागरणाने त्याच अवस्थेला पोहोचलेल्या माणसाला मात्र आपण हाती वही देऊन यंत्रातील दोष शोधायला पाठवतो. बोट जाण्याचा धोका आहेच, शिवाय लाखो रुपयांच्या यंत्रावर चुकीची सही होण्याचाही आहे. हॉटेलचे वाचवलेले भाडे त्यापुढे किती?

चहा-कॉफीने भागेल, असे तरुणांना वाटते. चहाने डोळे उघडे राहतात, झोपेचे देणे फिटत नाही. मधुमेहींचा प्रश्न तर याहून नाजूक आहे. पूर्वेकडे जाताना दिवस साडेतीन तासांनी आखूड होतो. घरच्या घड्याळाप्रमाणे गोळी किंवा इन्शुलिन घेतले आणि जेवण मात्र गाडी पकडण्याच्या घाईत राहून गेले, तर साखर उतरते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे ‘प्रवासाचा शीण’ म्हणून दुर्लक्षिली जातात. म्हणून मधुमेहींनी डोसाच्या वेळा निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्याव्यात. इन्शुलिन हातातल्या बॅगेतच ठेवावे, सामानात टाकू नये.

आता शरीराच्या घड्याळाविषयी. आपल्या पेशींत हे घड्याळ कसे चालते याचा उलगडा करणाऱ्या हॉल, रोसबाश आणि यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. हे घड्याळ मुख्यतः उजेडावर लागते. पूर्वेकडे गेल्यावर ते दिवसाला साधारण एक तास या गतीने सरकते, म्हणजे जपानची वेळ अंगवळणी पडायला तीन-चार दिवस लागतात. तोवर जपानमधले सकाळचे आठ हे शरीराच्या लेखी पहाटेचे साडेचारच असतात. गाढ झोपेच्या त्या वेळी बैठक ठेवणे शहाणपणाचे नाही.

येथे एक बारकावा आहे. ‘पहाटे उठून कोवळे ऊन घ्या’ हा आपला नेहमीचा सल्ला जपानमध्ये पहिले दोन दिवस उलटा पडतो. जूनमध्ये टोकियोत साडेचारलाच सूर्य उगवतो. तेव्हा शरीराच्या हिशेबी रात्रीचा एक वाजलेला असतो आणि त्या वेळचा उजेड घड्याळ पुढे नेण्याऐवजी मागे ढकलतो. म्हणून पहाटे जाड पडदे ओढून ठेवावेत आणि नऊनंतर बाहेर पडून तासभर चालावे. पोहोचल्या दिवशी दुपारी तासभर झोपावे, जास्त नको. संध्याकाळी हलके जेवून दहाला अंथरूण गाठावे. रात्री मोबाईलचा उजेड नको.

औषधांबाबतही सावध असावे. डॉक्टरांनी लिहून दिलेली रोजची बहुतेक औषधे एक महिन्यापुरती जपानमध्ये नेता येतात. मात्र सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्युडोएफेड्रिन १० टक्क्यांहून अधिक असते, त्या नेण्यास तेथे बंदी आहे. तेव्हा सोबत चिठ्ठी ठेवावी आणि शंका असलेली गोळी घरीच ठेवावी.

पण हे सारे पाळायला माणसाला तो पहिला दिवस मिळाला पाहिजे! ‘साहेबांकडे एक दिवस मागा’ असे मी सांगितले, की समोरचा हसतो. ‘डॉक्टर, नाव यादीतून जाईल. परदेशाची संधी एकदाच येते.’ त्याचे खोटे नाही. म्हणूनच ही मागणी कर्मचाऱ्याने करायची नसून कंपनीने आपणहून वेळापत्रकात लिहायची आहे. जपानी यजमान काय म्हणतील, ही भीतीही नको. अतिकामाने येणाऱ्या मृत्यूला त्यांच्या भाषेत ‘करोशी’ असा स्वतंत्र शब्द आहे आणि तो रोखण्यासाठी त्यांच्या संसदेने २०१४ साली कायदा केला. थकव्याची किंमत त्या देशाने मोजलेली आहे.

मी आता ‘प्रवासास योग्य’ या ओळीखाली आणखी एक ओळ लिहितो : ‘पोहोचल्यानंतर पहिला दिवस काम देऊ नये.’ एका कार्यालयाने ‘आमच्या नमुन्यात ही ओळ बसत नाही’ म्हणून कागद परत पाठवला. मी तीच ओळ पुन्हा लिहून दिली. माझ्या व्यवसायबंधूंनीही ती लिहावी, अशी विनंती आहे. दहा दवाखान्यांतून तीच ओळ गेली, तर नमुना बदलावा लागेल.