बहिष्कार कोणावर, हे आधी पाहा

‘बॉयकॉट’ हे मुळात एका माणसाचे आडनाव. चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हा आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. १८७९ साली पीक बुडाले, म्हणून पुढच्या वर्षी कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली. जमीनदार १० टक्क्यांवर अडून बसला आणि बॉयकॉटने कुळांना जमिनीवरून हुसकावण्याच्या नोटिसा काढल्या.

त्याच वर्षी सप्टेंबरात आयरिश नेते पार्नेल यांनी एनिसच्या सभेत एक मार्ग सांगितला होता. हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल, त्याच्या जिवावर न उठता रस्त्यात, दुकानात, बाजारात त्याच्याशी संबंध तोडा. मेयोच्या गावकऱ्यांनी हे हत्यार थेट कारभाऱ्यावरच चालवले. गडीमाणसे काम सोडून गेली. लोहार फिरकेना, धोबीण कपडे घेईना, दुकानदार माल देईना. अखेर पीक काढायला अल्स्टरमधून ५० मजूर आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणाला शेकडो सैनिक व पोलीस. त्या बंदोबस्ताचा खर्च पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट झाला. डिसेंबर उजाडताच बॉयकॉटने आयर्लंड सोडले.

शब्द मात्र फ्रेंच, जर्मन, जपानी भाषांपर्यंत पोचला.

त्या लढ्यात दुबळे एकवटले होते आणि समोर सत्ता होती. वंगभंगानंतर १९०५ मध्ये पुण्यात विलायती कापडाची होळी पेटली आणि टिळकांच्या चतुःसूत्रीत बहिष्कार आला, तोही साम्राज्याविरुद्ध. म्हणूनच त्याला न्यायाचे बळ होते.

गावकी किंवा जातपंचायत एखाद्या घराला वाळीत टाकते, तेव्हा चित्र नेमके उलटे असते. सारे गाव एकीकडे आणि एकटे कुटुंब दुसरीकडे. आंतरजातीय लग्न केले म्हणून त्यांना पाणवठा बंद, किराणा बंद, मयतालाही खांदेकरी मिळत नाहीत. डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली पाक्षिक काढले, त्याचे नावच ‘बहिष्कृत भारत’ होते. या जुलमाला लढ्याचे नाव देणे म्हणजे मेयोच्या कुळांचा अपमान आहे.

महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला आणि तो २०१७ पासून लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबीयांना पोलिसांकडे अथवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. तुमच्या गावात असे घर असेल, तर तक्रारीसाठी त्यांच्यासोबत जा आणि साक्षीलाही उभे राहा.