काचेपलीकडचा मिस्त्री

दसऱ्याला आमच्या कारखान्यात मागांची पूजा होते तेव्हा नारळ जॉबरच्या हातून फुटतो. भिवंडीबाहेरच्या वाचकांना जॉबर म्हणजे कोण ते सांगायला हवे. बिघडलेला यंत्रमाग दुरुस्त करणारा जो कारागीर, त्याला आमच्याकडे जॉबर म्हणतात. धोटा अडू लागला, ताणा तुटू लागला, मागाचा आवाज बदलला, की त्याला हाक जाते. तो येतो, क्षणभर मागाला कान देतो आणि पाना घेऊन माझ्यादेखत माग उघडतो. झिजलेला भाग काढून माझ्या तळहातावर ठेवतो. पैशाची गोष्ट त्यानंतर. ही रीत मी लहानपणापासून पाहत आलो, म्हणूनच की काय, मोटारीच्या दुरुस्तीचा आज जो खेळ चालला आहे तो पाहून माझे डोके फिरते. हा लेख त्या फिरलेल्या डोक्यातून निघाला आहे. सणाच्या दिवशी कोणाच्या चकलीत खडा लागला तर क्षमा असावी!

माझ्या वडिलांपाशी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी होती. ती मोठी गुणी गाडी होती असे मी मुळीच म्हणणार नाही. उन्हाळ्यात तिचे पाणी उकळे, पावसाळ्यात तिचे प्लग भिजत, आणि दर दोन महिन्यांनी तिला कल्याण नाक्याजवळच्या एका मिस्त्रींकडे न्यावे लागे. त्यांना सारे चाचा म्हणत. चाचांचे गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि एक पिंपळ. वडील तिथे लाकडी पेटीवर बसत, मी पाने हातात देण्याचे काम करी. चाचा गाडीखालून बोलत, "शेठ, तुमचा पाय क्लचवर जड पडतो. गाडीचा दोष नाही, तुमचा आहे." पैसे देऊन वर बोलणी खायची! पण वडिलांनी त्या दिवसापासून पाय हलका केला, आणि क्लच पुढे कितीतरी वर्षे टिकला.

आता माझ्या गाडीची कथा ऐका. सर्व्हिसिंगसाठी मी ती कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरात नेतो. तेथे दारातच गळ्यात पट्टा आणि हातात टॅब घेतलेला एक तरतरीत तरुण माझे स्वागत करतो. त्याचा हुद्दा सर्व्हिस ॲडव्हायझर, म्हणजे सल्लागार. हा सल्लागार बॉनेट उघडत नाही, गाडी चालवून पाहत नाही, तिच्या आवाजाला कान देत नाही. तो टॅबमध्ये किलोमीटर घालतो आणि सल्ला देऊ लागतो. इंजिन डीकार्बनायझिंग करून घ्या सर. थ्रॉटल बॉडी क्लीनिंग करून घ्या. इंजेक्टर क्लीनर घाला, एसीचे जंतू मारून घ्या, खालून अँटीरस्ट कोटिंग द्या, वरून टेफ्लॉन द्या. गाडी घेऊन पुरती तीन वर्षे झालेली नाहीत, आणि हा गृहस्थ तिच्या आजारांची यादी अशी वाचतो की ती सर्व्हिसिंगला आणली आहे की अतिदक्षता विभागात, असा प्रश्न पडावा! मालकाच्या हाती येणाऱ्या पुस्तिकेत कोणत्या किलोमीटरला काय करायचे त्याचा तक्ता छापलेला असतो. माझ्या गाडीच्या तक्त्यात यांतले एकही काम मला सापडले नाही.

मग मला काचेच्या थंडगार खोलीत बसवतात. कॉफी येते. गाडी काचेपलीकडच्या दाराआड जाते आणि चार तासांनी धुऊन पुसून बाहेर येते. मधल्या काळात तिला कोणाचा हात लागला, लागला की नाहीच, हे मला कधीच कळत नाही. "आत यायला परवानगी नाही सर, सेफ्टीचा प्रश्न आहे." ठीक आहे. माझ्या कारखान्यात धोटे गोळीसारखे धावतात, तेथेही मी माणसे उभी राहू देतो. पण ते असो.

२०२५ च्या एप्रिलमध्ये माझे बिल झाले ११,४६० रुपये. त्यात एक ओळ होती : ब्रेक क्लीनिंग, चारही चाके, ८५० रुपये. मी ती ओळ वाचली, मनात बरे वाटले, पैसे भरले. निघताना सल्लागार हात जोडून म्हणाला, "कंपनीकडून फोन येईल सर. दहापैकी दहा द्या. नऊ दिले तरी आमचे नापास धरतात." पोरगा केविलवाणा झाला होता. दोन दिवसांनी फोन आला आणि मी दहा दिले.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. आमणे आमच्याच भिवंडी तालुक्यातले. परंतु आमचा प्रसंग त्याच्या आदल्या महिन्यातला. नाशिकचे लग्न आटोपून आम्ही परतत होतो, आणि कसाऱ्याचा घाट उतरणे भागच होते. गाडीत सौ., सूनबाई आणि चार वर्षांचा नातू. अर्धा घाट उतरलो आणि पुढच्या चाकातून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येऊ लागला. पाय दाबावा तर गाडी एका अंगाला ओढू लागे. मागे कंटेनर, पुढे कंटेनर, उजवीकडे दरी. मी गियर खाली टाकत, इंजिनाच्या जोरावर गाडी धरत कसाऱ्यापर्यंत कसा पोहोचलो ते माझे मला ठाऊक. सौ. वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत तेव्हा प्रसंग खरा असतो.

कसाऱ्याच्या रस्त्याकडेला एका मुलाने चाक उतरवले. ब्रेक पॅडचा घासणारा थर पार संपून मागची पोलादी पट्टी डिस्कला चरे पाडत होती. हा थर नव्या पॅडवर साधारण दहा मिलिमीटर असतो, आणि तो तीनच्या खाली आला की पॅड बदलावे, हे शिकाऊ मुलालाही माहीत असते. आणि असा थर महिन्याभरात दहावरून शून्यावर येत नाही. त्या मुलाने बोट दाखवले : बोल्टांवर गंज आणि त्यावर मागच्या पावसाळ्याचा वाळलेला चिखल, पानाही न लागलेला. "काका, हे चाक वर्षभरात कोणी खोललंच नाही." पॅड बदलायची मजुरी त्याने दोनशे रुपये घेतली, आणि जुने पॅड न मागता माझ्या हातात दिले.

ते पॅड घेऊन मी सेंटरात गेलो. व्यवस्थापक सौजन्याने म्हणाले, "सर, ब्रेक पॅड हा झिजणारा भाग आहे. तो वॉरंटीत येत नाही." अहो, वॉरंटी मागितली कोणी? चाक उघडले होते की नाही, एवढेच मी विचारत होतो! त्याचे उत्तर मिळाले नाही. पॉलिशवर वीस टक्के सूट देणारे एक कूपन मात्र मिळाले.

कोणी म्हणेल, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, १९१५ हा मदतीचा क्रमांक आहे, ठाण्याला जिल्हा आयोग आहे, जा तिकडे. जाईन की! पण पुरावा? दाराआड काय झाले याचा एकमेव साक्षीदार तो बोल्ट, आणि तो कसाऱ्याला उघडला गेला. काचेची भिंत सेफ्टीसाठी असेलही. पण त्या भिंतीने सर्वांत सुरक्षित कोण झाले, ते वाचकांनीच ठरवावे.

मी महागाईविरुद्ध रडत नाही. जॉबरची मजुरी वाढली, मी दिली. कामाच्या मोबदल्याला माझी ना नाही. न केलेल्या कामाच्या मोबदल्याला आहे. कर उतरला तेव्हाची गंमत पाहा. मोटारीच्या बहुतेक सुट्या भागांवर २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. माझे पुढचे बिल मात्र ११,९०० चे आले. भाग स्वस्त झाले होते, सल्ले वाढले होते.

दुसरी बाजू मला दिसत नाही असे नाही. नवी गाडी विकून विक्रेत्याला फार थोडे सुटते. तो पोट भरतो ते सर्व्हिसिंगवर. वरून कंपनीचे टार्गेट, खाली सल्लागाराचा पगार तोकडा आणि त्यावर इन्सेंटिव्ह. आजच्या गाडीत जागोजागी संगणक बसलेत, पिंपळाखालच्या पान्याने ते उघडत नाहीत, हेही खरे. परंतु ते का उघडत नाहीत? चाचांचा मुलगा आज तेच गॅरेज चालवतो, हुशार आहे. त्याला कंपनीचा स्कॅनर मिळत नाही, दुरुस्तीची पुस्तके मिळत नाहीत, कित्येक अस्सल भाग मिळत नाहीत. हे माझे रडगाणे नव्हे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी नेमके याच कारणासाठी चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. भाग आणि साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू द्या, बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी तोडू नका, असे बजावले होते. प्रकरण अपिलांत गेले. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टलही काढले. चाचांच्या मुलाच्या गॅरेजात मात्र स्कॅनर अजून आलेला नाही.

आणि आपण? वडील लाकडी पेटीवर बसत, त्यांच्या विजारीला ग्रीस लागे. आपल्याला ग्रीस नको झाले, गारवा हवा झाला. कॉफीच्या एका पेल्याला आपण गाडीशेजारी उभे राहण्याचा हक्क विकून टाकला, आणि विकणाऱ्यांत मी पहिला. दहापैकी दहा मीच दिले होते!

तुळशीचे लग्न झाले की माझी गाडी पुन्हा सर्व्हिसिंगला निघेल. वॉरंटी संपायला अजून काही महिने आहेत, म्हणून जायचे तेथेच. या खेपेला जॉब कार्डावर सही करण्याआधी मी स्वतःच्या अक्षरात लिहिणार आहे : काढलेला प्रत्येक जुना भाग परत द्यावा, आणि चाके मालकासमोर उघडावीत. सौ. म्हणतात, ते गाडी घेणारच नाहीत. मी कारखान्यातला लोखंडी स्टूल डिकीत ठेवला आहे. आत येऊ देत नसतील तर दाराशी बसेन.