हात घडविण्याचे काम

१९ डिसेंबर २०२१ रोजी, गोमंतकाच्या मुक्तीला साठ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या अतिविशेषोपचार इमारतीचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. ३८० कोटींहून अधिक खर्चाची ही वास्तू गोमंतकाच्या आरोग्यसेवेत मोलाची भर आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु इमारत कंत्राटदार बांधतो आणि यंत्रे निविदा काढून विकत घेता येतात. त्या यंत्रांमागे उभा राहणारा निष्णात शल्यविशारद मात्र कोणत्याही निविदेने मिळत नाही. तो घडवावा लागतो, आणि घडविण्याचे स्थान म्हणजे अध्यापन करणारे सार्वजनिक रुग्णालय. तेथे तो कसा घडतो आणि घडण्यासाठी त्याला काय लागते, याचा विचार आमच्या राज्यकर्त्यांनी पुरेशा गांभीर्याने केला आहे काय, असा प्रश्न आम्हांला पडतो.

प्रश्न हवेत राहू नये म्हणून आम्ही एकच शाखा उदाहरणादाखल घेतो. ही शाखा म्हणजे कवटीच्या तळाची शस्त्रक्रिया. मेंदू ज्या हाडावर विसावलेला असतो त्या तळहाडाला लहानमोठी अनेक छिद्रे आहेत. मेंदूला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या या छिद्रांतून वर जातात आणि दृष्टीचे, डोळ्यांच्या हालचालीचे, चेहऱ्याचे, श्रवणाचे व गिळण्याचे मज्जातंतू त्यांतूनच बाहेर पडतात. या चिंचोळ्या जागेत वाढणाऱ्या गाठी बहुधा कर्करोगाच्या नसतात. त्या सावकाश वाढतात आणि नीट काढता आल्या तर रुग्ण पुष्कळदा बरा होतो. तथापि सुरी केसभर चुकली तर कोणाचा चेहरा वाकडा होतो, कोणाची दृष्टी जाते, तर कोणाला घास गिळता येत नाही. रोग सौम्य आणि त्याची जागा मात्र जीवघेणी, असा हा विचित्र योग आहे.

असे रुग्ण आमच्या गावोगावी असतात, पण ओळखू येत नाहीत. एका कानाने ऐकू येईनासे झालेला, चालताना झोक जाणारा माणूस ते वाढत्या वयाचे लक्षण मानतो. दोन्ही बाजूंचे दिसेनासे झालेली स्त्री चष्म्याचा नंबर बदलत राहते, आणि पिच्युटरी ग्रंथीची गाठ दृष्टीच्या मज्जातंतूंवर दाब देत आहे हे कळेपर्यंत वर्षे निघून जातात. निदान झाले की आप्तेष्टांची धावाधाव सुरू होते. मुंबईला जावे, मणिपालला जावे की वेलोरला, हा पहिला प्रश्न असतो. पैसे कोठून आणावयाचे, हा त्याच्या पाठोपाठचा.

ही विद्या कोणा एकाने निर्माण केलेली नाही. १९०७ साली ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे हर्मान श्लोफर याने नाकाच्या वाटेने पिच्युटरीची गाठ प्रथम काढली. १९५७ मध्ये अमेरिकेत थिओडोर कुर्झ याने मेंदूच्या शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक आणला. विल्यम हाऊस या कानाच्या शल्यविशारदाने १९६० नंतरच्या वर्षांत कानाच्या हाडातून श्रवणतंतूच्या गाठीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग रूढ केला. पुढे दुर्बीण आली, आणि कवटी न उघडता नाकातूनच पुष्कळशा गाठी काढता येऊ लागल्या. परंतु त्यानंतर मेंदूभोवतीचे पाणी नाकातून गळण्याचे संकट वारंवार ओढवे. २००६ साली अर्जेंटिनातील रोसारिओच्या डॉक्टरांनी पिट्सबर्गच्या सहकाऱ्यांसह नाकाच्या पडद्याचे जिवंत अस्तर वळवून ते छिद्र बुजविण्याची पद्धती प्रसिद्ध केली आणि हे संकट पुष्कळ कमी झाले. या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. येथे मेंदूचा शल्यविशारद एकटा पुरत नाही. त्याच्याबरोबर कान-नाक-घसा तज्ज्ञ, नेत्रतज्ज्ञ, अंतःस्रावी ग्रंथींचा वैद्य, भूलतज्ज्ञ आणि क्ष-किरणतज्ज्ञ यांची एक जुळलेली तुकडी लागते.

आता शिक्षणाकडे वळू. एम.एस. झाल्यावर तीन वर्षे, किंवा एम.बी.बी.एस. नंतर सरळ सहा वर्षे, अभ्यास करून न्यूरोसर्जरीची पदवी मिळते. या काळात विद्यार्थ्याला सर्व काही शिकावे लागते: डोक्याचे अपघात, मेंदूतील रक्तस्राव, मणक्याचे विकार, बालकांचे जन्मजात दोष. दुचाकींच्या अपघातांनी ज्यांच्या खाटा भरलेल्या असतात त्या सार्वजनिक रुग्णालयांत तर त्याची रात्र अपघातग्रस्तांच्या पायथ्याशीच जाते. कवटीच्या तळाच्या शस्त्रक्रिया त्याच्या वाट्याला किती येणार? म्हणून पदवीनंतर एक वा दोन वर्षांची फेलोशिप हा क्रम जगभर रूढ झाला. उमेदवार प्रथम प्रयोगशाळेत मृतदेहाच्या कवटीवर, कानामागील हाड ड्रिलने कोरीत, वाट ओळखू लागतो. नंतर तो गुरूच्या शेजारी उभा राहतो, पुढे शस्त्रक्रियेचा एकेक टप्पा स्वतः करतो, आणि पुष्कळ काळाने संपूर्ण शस्त्रक्रिया त्याच्या हाती दिली जाते. फ्लोरिडा विद्यापीठातील आल्बर्ट ऱ्होटन यांनी मेंदूच्या शारीररचनेचे असे अध्यापन कित्येक दशके केले आणि देशोदेशीचे शंभराहून अधिक फेलो आपल्या प्रयोगशाळेत तयार केले. २०१६ साली ते निवर्तले, पण त्यांनी घडविलेले हात आजही जगभर काम करीत आहेत.

आपल्या देशात अशा फेलोशिपा आहेत, परंतु त्यांचा दर्जा सारखा नाही. काहींना विद्यापीठाची वा राष्ट्रीय मंडळाची मान्यता असते, तर काही केवळ त्या त्या रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर चालतात. खाजगी रुग्णालयात येणारा रुग्ण नामांकित शल्यविशारदाच्या नावावर पैसे मोजतो, म्हणून तेथे उमेदवाराच्या हाती शस्त्र येण्याची संधी स्वाभाविकच कमी. त्यांतून बाहेर पडणाऱ्यास प्रमाणपत्र मिळते, पण सराव मिळतोच असे नाही. सार्वजनिक अध्यापन रुग्णालयाने हे काम सोडून दिले तर ही विद्या हळूहळू श्रीमंतांच्या उपयोगापुरती उरेल, ही भीती आम्हांला निराधार वाटत नाही.

मग गोमेकॉने अशी फेलोशिप सुरू करावी काय? भावनेने उत्तर देण्यापूर्वी थोडे गणित मांडू. श्रवणतंतूची गाठ पाश्चात्त्य देशांतील नोंदींनुसार वर्षाकाठी लाखात एका-दोघांना आढळते. २०११ च्या जनगणनेत गोमंतकाची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. म्हणजे वर्षाला पंधरा ते तीस रुग्ण. त्यांतील काहींना केवळ देखरेख पुरते, काहींना किरणोपचार, आणि काही परस्पर बाहेर जातात. शस्त्रक्रियेसाठी उरतात ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एवढ्यावर शिकविणाऱ्याचाही हात तयार राहत नाही, मग शिकणाऱ्याचे काय? केवळ गोमंतकीय रुग्णांच्या बळावर ही विद्या बांबोळीत रुजणार नाही, हे कटू वाटले तरी सत्य आहे.

परंतु बांबोळी केवळ गोमंतकाची कधीच नव्हती. सावंतवाडी, वेंगुर्ले, दोडामार्ग येथील रुग्णाला मुंबई रात्रभराच्या प्रवासाची आणि गोमेकॉ हाकेच्या अंतरावरची. कारवारकडचीही हीच स्थिती. गोमंतकाबरोबर सिंधुदुर्ग, उत्तर कन्नड आणि बेळगाव हे तीन जिल्हे धरले तर २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ८५ लाखांवर जाते. हे सारे रुग्ण बांबोळीस येणार नाहीत. बेळगावात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि सिंधुदुर्गातही आता शासकीय महाविद्यालय निघाले आहे. तरीही यांतील एक हिस्सा जरी एका केंद्राकडे वळला, तरी गुरू आणि शिष्य दोघांचाही हात चालू राहील.

आणि येथेच आमच्या धोरणातील विसंगती उघडी पडते. २०१८ च्या आरंभी गोवा सरकारने परराज्यांतील रुग्णांना गोमेकॉत शुल्क लागू केले. सिंधुदुर्गात त्यावर नाराजी उमटली आणि दोडामार्गात आंदोलनही झाले. सरकारची बाजू अगदीच पोकळ होती असे आम्ही म्हणणार नाही. गोमंतकीय करदात्याच्या पैशावर चालणाऱ्या रुग्णालयात गोमंतकीय रुग्णालाच खाट मिळू नये, ही तक्रार खरी आहे, आणि जमिनीवर गादी घालून निजलेल्या रुग्णाच्या नातलगाला शेजारधर्माचा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाच नाही. परंतु शेजारचा रुग्ण हा केवळ खर्च आहे, असे मानणे मात्र अदूरदर्शीपणाचे ठरेल. त्याच्यावर शस्त्रक्रिया करून जो हात सरावतो, तोच उद्या पेडण्याच्या वा काणकोणच्या रुग्णावर चालणार आहे.

याचे ठळक उदाहरण मुंबईच्या परळ भागात आहे. के.ई.एम. हे महापालिकेचे, म्हणजे मुंबईकर करदात्याचे रुग्णालय. तरीही देशाच्या कानाकोपऱ्यांतून गोरगरीब तेथे येत राहिले. कवटी आणि मान यांच्या सांध्याचे विकार घेऊन येणाऱ्या अशाच रुग्णांवर काम करीत असताना डॉ. अतुल गोयल यांनी मानेचे पहिले दोन मणके स्क्रूने जखडण्याची पद्धती विकसित केली. १९९४ साली ती प्रसिद्ध झाली आणि आज त्यांच्या नावाने जगभर ओळखली जाते. परगावचे म्हणून हे रुग्ण के.ई.एम.ने दारातून परतविले असते तर त्यांचे नुकसान झालेच असते, पण मुंबईकरही या विद्येला मुकले असते.

दुसरे उदाहरण डेन्मार्कचे. १९७६ मध्ये हा देश जेमतेम पन्नास लाख वस्तीचा होता. त्या वर्षापासून श्रवणतंतूच्या गाठींचे उपचार देशभर विखुरलेले न ठेवता कोपनहेगनमधील एका केंद्राकडे सोपविण्यात आले आणि सर्व रुग्णांची एक राष्ट्रीय नोंद ठेवली जाऊ लागली. या गाठी किती वाढतात आणि कोणत्या न वाढताच राहतात, याविषयी जगाला जे ज्ञान झाले त्यातील मोठा वाटा या छोट्या देशाचा आहे. लहान असणे हा विद्येतील अडसर नसून विखुरलेले असणे हा अडसर आहे, एवढा बोध आम्ही त्यातून घ्यावा.

तेव्हा सरकारला आमच्या काही सूचना आहेत. पहिली, महाराष्ट्र व कर्नाटक सरकारांशी स्पष्ट करार करावा. ठरावीक दुर्मिळ व अवघड शस्त्रक्रियांसाठी शेजारच्या जिल्ह्यांतील रुग्ण गोमेकॉने घ्यावेत आणि त्यांचा खर्च त्या त्या राज्याच्या आरोग्य योजनेने द्यावा. खर्च रुग्णाच्या खिशातून वसूल करण्याचा मार्ग सोपा असला तरी न्याय्य नव्हे. दुसरी, फेलोशिपचा फलक लावण्याची घाई करू नये. आधी एक न्यूरोसर्जन आणि एक कान-नाक-घसा तज्ज्ञ अशी जोडी नामांकित केंद्रात प्रशिक्षणासाठी एकत्र पाठवावी, आणि परतल्यावर दोघांना एकत्र काम करता येईल अशी पदे व शस्त्रक्रियागृहाचे राखीव दिवस द्यावेत. एकाला पाठवून दुसऱ्याला विसरणे म्हणजे एका चाकाची गाडी जोडणे होय. तिसरी, शारीरविभागात कवटीच्या विच्छेदनाची अद्ययावत प्रयोगशाळा उभारावी. त्यासाठी देहदान लागते, आणि ते केवळ सरकारच्या हाती नाही. मृत्यूनंतरच्या संस्कारांविषयी आमच्या समाजाच्या भावना आम्ही जाणतो. परंतु दधीचीने आपल्या अस्थी देवकार्यासाठी दिल्या ही कथा भक्तिभावाने ऐकणाऱ्या समाजाला देहदानाचा अर्थ समजावून सांगावा लागू नये.

चौथी सूचना रुग्णाच्या हक्काची. शिकाऊ हातांचा प्रयोग गरिबावर आणि निष्णात हात श्रीमंतासाठी, अशी वाटणी सार्वजनिक रुग्णालयांत नकळत होण्याचा धोका असतो. आपल्यावर कोण शस्त्रक्रिया करणार, शेजारी कोण उभे राहणार, चेहरा वा श्रवण गमावण्याचा संभव किती, हे रुग्णाला त्याच्या भाषेत, मराठीत वा कोंकणीत, सांगितले गेलेच पाहिजे. विभागाने दरवर्षी आपल्या शस्त्रक्रियांचे निकाल, यशापयशासह, प्रसिद्ध करावेत. ज्या केंद्राला आपले अपयश मोजण्याची तयारी नाही त्याला शिकविण्याचा अधिकार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१८४२ साली पणजीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेची परंपरा गोमेकॉ सांगते. आशियातील पाश्चात्त्य वैद्यकाच्या जुन्या विद्यालयांत तिची गणना होते, आणि तेथे शिकलेले गोमंतकीय वैद्य समुद्रापलीकडे आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहतींतही सेवेसाठी गेले. परक्या राजवटीत, तुटपुंज्या साधनांनिशी ज्या संस्थेने बाहेरच्या जगासाठी वैद्य घडविले, तिने आज ३८० कोटींच्या इमारतीत बसून बांदा-सावंतवाडीच्या रुग्णाकडे परका म्हणून पाहावे, हे तिच्या लौकिकाला शोभणारे नाही. इमारतीच्या उद्घाटनाची कोनशिला बसली आहे. त्या इमारतीतून पहिला गोमंतकीय कवटीतळ शल्यविशारद कोणत्या वर्षी तयार होऊन बाहेर पडणार, याचे उत्तर आता सरकारने द्यावे.